फट नसलेला फोन

“झाकण उघड की रं बाबा,” आई म्हणाली.

“मावशी, ह्याला झाकणच नसतंय.”

“बिनझाकणाचा फोन असतोय व्हय कुठं?” आईनं दुकानदाराच्या हातातून फोन घेतला, उलटा केला आणि त्याच्या गुळगुळीत काळ्या पाठीवर कडेकडेनं नख फिरवून पाहिलं. नख कुठंच अडकेना. मग तिनं कमरेची पिशवी सोडून स्वतःचा बटणांचा फोन काढला, मागं नख घालून टक्कन झाकण उघडलं, बॅटरी काढून पदराला पुसली, परत बसवली आणि तो फोन काचेच्या कपाटावर त्याच्यापुढं ठेवला. “हे असं करायचं. अडला की बॅटरी काढून घालायची. चालू हुतोय.”

गडहिंग्लजच्या स्टँडसमोरचं ते दुकान होतं. दुकानदार माझ्यापेक्षा थोडासाच मोठा असेल. दुसरा कुणी असता तर फिदीफिदी हसला असता, पण तो हसला नाही, एवढं त्याचं मला अजून बरं वाटतं.

“चालू तर हाय की ह्यो,” तो म्हणाला. “लॉक पडलंय. बॅटरी आत चिकटवून टाकलेली असती. आणि ती काढली तरी लॉक जात न्हाई.”

“मग कार्ड तरी काढ. ह्याच्या आधीच्या फोनातलं नखाएवढं कार्ड काढून लेकानं माज्या फोनात भजनं भरून दिल्ती. तसं ह्यातलं काढ आणि दुसऱ्या कशात तरी घाल.”

“ह्यात कार्डाला जागाच दिलेली न्हाई, मावशी. जे काय हाय ते सगळं आतच.”

“मग आत जा की,” आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा समजावून सांगायचं काम माझ्यावर आहे असं त्याला वाटलं असणार. मी खाली काचेत मांडलेल्या फोनच्या कव्हरांकडं बघत राहिले. शेवटी त्यानंच सांगितलं, “पॅटर्न म्हाईत असंल तर आत जाता येतंय. नसंल तर मी लॉक काढून देतो. पण मग आतलं सगळं पुसलं जातंय. फोटू, व्हिडिओ, आवाज, काय ऱ्हात न्हाई. फोन नवा कोरा हुतोय.”

“नवा कोरा घिऊन मी काय करू?” आई म्हणाली. तिनं दोन्ही फोन उचलून पिशवीत घातले आणि चपला घालून दुकानातून बाहेर पडली.

त्या फोनात माझ्या भावानं आईसाठी बोलून ठेवलेलं काहीतरी होतं. काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. आणि भावाला विचारायची सोय राहिली नव्हती, कारण त्याचं बारावं होऊन गेलं होतं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी कोल्हापुरात असते, माझ्या हातात त्या फोनाहून पातळ फोन असतो आणि त्यालाही कुठं फट नाही. तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझंही नख आपोआप त्याच्या पाठीवरून फिरलं होतं.

उत्तम माझा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा मी अंगणवाडीत होते. तेव्हापासून आई आणि उत्तम या दोघांनी घर ओढलं. आई म्हैस आणि तुकडाभर शेत बघायची. उत्तम दहावी होताच काजूच्या कारखान्यात गेला. आमच्या आजऱ्याकडं हे कारखाने गावोगाव आहेत. वर्षभर तो कटिंगच्या मशीनवर बसायचा आणि उन्हाळ्यात टेम्पोबरोबर खाली कोकणात उतरून कच्चा काजू भरून आणायचा. काजूच्या टरफलात एक काळं, चिकट तेल असतं. ते कातडी खातं. हातमोजे घातले तर बी सटकते, म्हणून कुणी घालत नाही. उत्तमच्या बोटांची सालं निघून निघून ती पार गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानातलं मशीन त्याचा अंगठा घ्यायचंच नाही. “सरकारच्या हिशेबानं मी जन्मलोच न्हाई,” असं म्हणून तो हसायचा, आणि रेशन आणायला आई जायची.

तो फोन त्यानं पाडव्याला घेतला. आधीच्या फोनच्या झाकणात तेल जाऊन तो कायमचा चिकट झाला होता, बटणं दाबली की आत रुतून बसायची. नवा फोन त्यानं आईच्या हातात दिला आणि म्हणाला, “बघ, ह्याला कुठं फट न्हाई. तेल जायाचं न्हाई, भुगा जायाचा न्हाई.”

“आणि कार्ड कुठनं घालायचं?”

“कार्ड नसतंय ह्याला. जागा भरली की जुनं पुसायचं आणि नवं घालायचं.”

“पुसायचं कशाला? चांगलं असलेलं कोण पुसतंय?” आई म्हणाली. तिला ते काही पटलं नाही. पाडव्याची पुरणपोळी, जोतिबाला जेवणाचा आग्रह आणि फोनचं कौतुक यात तो विषय मागं पडला. जोतिबा हा उत्तमचा मित्र, त्याच कारखान्यातला आणि त्याच टेम्पोवरचा. आमच्या घरी तो सणाला हमखास असायचा.

पुढं दोनेक महिन्यांत ते भांडण झालं.

आमच्या आईच्या नाकावर राग. आला तसा जायचाही, पण जाईपर्यंत समोरच्याचं काही खरं नसायचं. भांडण होतं मामाच्या शुभांगीवरून. आमच्याकडं मामाची मुलगी करतात, त्यात नवल काही नाही. शुभांगी पाळण्यात असतानाच आईनं भावाला शब्द दिला होता, आणि उत्तमनंही आजवर कधी नको म्हटलं नव्हतं. साखरपुड्याचा दिवस धरायला मामा येणार म्हणून निरोप आला, आणि त्या सकाळी उत्तम म्हणाला, “मला हे लगीन करायचं न्हाई.”

“का?”

“न्हाई करायचं.”

“आरं, पण का? दुसरी कोण बघितलीयास?”

“तसं काय न्हाई.”

“मग शुभांगीत काय खोट हाय? मी भावाला कुठल्या तोंडानं सांगू?”

टेम्पो दारात येऊन थांबला होता, जोतिबा हॉर्न वाजवत होता. उत्तमनं भाकरीच्या ताटाला हात लावला नाही. आई चुलीपुढून उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि ओरडली, “जा मग! परत तुजं तोंड दावू नगोस मला!”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. असलं आई आम्हाला दहादा बोलली असेल. “मर जा”, “उलथ एकदाची”, “तोंड काळं कर” हे आमच्या घरात रोजचं होतं आणि तासाभरानं तीच आई गरम भाकरीवर लोणी घालून हाक मारायची. उत्तमलाही ते माहीत होतं. पण त्या दिवशी तो वळून काही बोलला नाही, टेम्पोत चढला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काजू भरून वर येताना टेम्पो घाटातल्या वळणावरून खाली गेला. जोतिबा बाहेर फेकला गेला, त्याचा पाय मोडला. उत्तम आतच राहिला. चुलते जाऊन त्याला घेऊन आले ते पांढऱ्या कापडात पुरता गुंडाळून. बायका आईला धरून पुढं घेऊन आल्या तेव्हा चुलते मध्ये आले. “वैनी, तोंड बघू नगा,” ते म्हणाले. “बघण्यासारखं न्हाई.”

आईनं खूप धडपड केली, पण तिला तोंड दाखवलं नाही. ती आपणच बोललेला शब्द आठवून छाती बडवत होती आणि आलेल्या बायकांना वाटत होतं, ही नुसतं रडतेय. तिला काय लागलंय ते त्या माणसांत फक्त मला कळत होतं, आणि कळून मी काही करू शकत नव्हते.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. गेलेल्या माणसाच्या अंगावर मरताना जे असतं, घड्याळ, करदोटा, खिशातलं पाकीट, ते सगळं त्याला ठेवलं होतं त्या जागी दिव्याशेजारी मांडायचं. दहावं होईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलं तर जीव त्यात अडकतो, पुढं जात नाही असं म्हणतात. चुलत्यांनी आणलेल्या पिशवीतून आईनं स्वतः एकेक वस्तू काढून तिथं मांडली. घड्याळ फुटलं होतं. फोनचा एक कोपरा फक्त चेपला होता, बाकी तो धडधाकट होता आणि चालू होता. शर्टाच्या खिशात एवढा सुखरूप कसा राहिला कोण जाणे.

तो वाजायला लागला. ज्यांना कळलं नव्हतं ते उत्तमला फोन करत होते, ज्यांना कळलं होतं ते खरं वाटेना म्हणून करत होते. जमिनीवर तो थरथरायचा आणि थरथरत दिव्याकडं सरकायचा. मी एकदा उचलायला गेले.

“तृप्ते! हात लावू नगोस.”

“आई, वाजतोय गं.”

“वाजू दे. त्येचा हाय त्यो.”

पाहुण्यांतल्या एकानं चार्जरला तरी लावू का म्हणून विचारलं. आईनं त्यालाही नको म्हणून सांगितलं. ती स्वतः भिंतीला पाठ लावून त्या दिव्यापाशी बसून असायची. फोन तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब असेल. वाजला की ती त्याच्याकडं बघायची, थांबला की दिव्यात तेल घालायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वाजायचा थांबला. काळा झाला आणि गप्प पडून राहिला. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. त्या आवाजानं जीव नकोसा झाला होता.

दहावं झालं, बारावं झालं. त्यानंतर आई आणि मी जोतिबाला बघायला गडहिंग्लजच्या दवाखान्यात गेलो. त्याच्या पायात सळई घातली होती. आईला बघून तो लहान पोरासारखा रडला. मग आईनं ज्यासाठी एवढ्या लांब आली होती ते विचारलं.

“जोतिबा, खरं सांग. त्यो रागानं गेला का रं माज्यावर?”

“मला काय बोलला न्हाई, काकू. जाताना गपच हुता. येताना घाटाच्या खाली चहाला थांबलो. मी चहा सांगाय गेलो, तवर ह्यो लांब आंब्याखाली जाऊन फोन तोंडापुढं धरून बोलालता. व्हिडिओ काढालता. मी म्हटलं, कुणाला लावलायस रं? तर म्हणाला, आईला दावायचाय. घरी गेल्यावर दावतो.”

“काय बोलला?”

“ते ऐकू आलं न्हाई. लांब हुतो मी.”

“तोंड कसं हुतं? हसरं हुतं का?”

जोतिबानं डोळे पुसले. “ऊन हुतं, काकू,” तो म्हणाला. “नीट दिसलं न्हाई.”

तो व्हिडिओ त्यानं कुणाला पाठवला असता तर प्रश्न मिटला असता. पण पाठवणार कुणाला? आईचा फोन बटणांचा. मला कॉलेज संपेपर्यंत फोन मिळणार नव्हता, तसा घरात ठरावच झाला होता. त्याचं तोंड, त्याचा आवाज आणि आईला त्यानं दिलेलं उत्तर, सगळं त्या चेपलेल्या फोनात होतं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी तो चार्जरला लावला. फोन चालू झाला, काचेवर टिंबं आली आणि वर अक्षरं आली, ‘पॅटर्न काढा’. तिथंच घोडं अडलं.

मी उत्तमच्या नावाचं पहिलं अक्षर काढून बघितलं, आईच्या, माझ्या, शुभांगीच्यासुद्धा. फोन म्हणायचा, चुकलं. मग म्हणायचा, थांबा. मग एके दिवशी त्यानं धमकीच दिली की आणखी चुकलात तर आतलं सगळं पुसून टाकीन. मी घाबरून हात काढून घेतला. त्यानंतर आम्ही त्या स्टँडसमोरच्या दुकानात गेलो, आणि तिथं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

एस.टी.त आई खिडकीशी बसली होती. “तृप्ते,” ती म्हणाली, “हे असलं कशाला करत्यात गं? उघडता येत न्हाई, काढता येत न्हाई. मानसानं काय करायचं?”

“पातळ व्हावा म्हणून करतात. पाणी जाऊ नये म्हणून.”

“पानी जात न्हाई ते बरंच झालं,” आई म्हणाली. “पर आईला तरी वाट ठेवायची.”

ती त्या दिवसांत फार कमी बोलायची. फोन तिनं देव्हाऱ्यात ठेवला होता. रोज सकाळी पूजा झाली की मला तो चार्जरला लावायला सांगायची. एकदा काळा पडला होता, आता पडू द्यायचा नाही, एवढं तिनं मनात घेतलं होतं. काच उजळली की मागं उत्तमनं लावलेला आमच्या म्हशीचा फोटो दिसायचा. तेवढाच आम्हाला दिसत होता. बाकीचं त्या म्हशीच्या पलीकडं होतं.

पाऊसकाळ सुरू झाल्यावर एका दुपारी जोतिबा कुबड्या घेऊन आमच्या दारात उभा राहिला. दवाखान्यातून सुटल्यापासून पहिल्यांदाच गाव सोडून बाहेर पडला होता. आईनं त्याला पुढच्या सोप्यात चटईवर बसवलं, पायाखाली उशी दिली, चहा टाकला. त्याला कशाची तरी घाई झाली होती. चहाचा कप हातात यायच्या आधीच त्यानं विचारलं, “बघितलासा का व्हिडिओ, काकू? काय म्हणाला त्यो?”

“कुठला बघतोस! उघडंना फोन.”

“उघडंना म्हंजे?”

“पॅटर्न मागतोय,” मी म्हणाले. “तुला माहितेय का?”

“पॅटर्न मला न्हाई म्हाईत. पर पॅटर्न कशाला पायजे? काकूंचं बोट लावायचं की.”

आई चुलीपाशीच थांबली. “माजं बोट?”

“व्हय तर. तुमास्नी बोलला न्हाई त्यो?” जोतिबानं कुबडी बाजूला सारली. “पाडव्याला, काकू. दुपारी जेवून तुमी हितंच भितीला टेकून झोपला हुता. आमी फोन चालू करालतो. फोन बोट मागालता आणि ह्येचं एक बोट घेईना. सगळी लावून बघितली. मी म्हटलं माजं लाव, तर माजं बी तसलंच. मग म्हणाला, आईचं घिऊया. तिला आकडं कळत न्हाईत, निदान बोट टेकून तरी उघडंल, मी नसलो तर फोटू बघत बसंल. तुमचं बोट हळूच उचललं आणि टेकवलं. एकदा टेकून भागत न्हाई ओ, परत परत टेकवाय लागतंय. आमी हसू दाबालतो. तुमी काय जाग्या झाला न्हाई. म्हणाला, सांगू नगोस, एकदा गंमत करतो तिची.”

“कुठलं बोट?” आईनं विचारलं.

जोतिबानं स्वतःचा उजवा हात पुढं केला आणि अंगठ्याशेजारचं बोट दाखवलं.

आईनं हात धुतले. पदरानं कोरडे केले. देव्हाऱ्यातून फोन आणून माझ्या हातात दिला, आणि ते बोट माझ्याकडं पुढं केलं. फोनच्या पाठीवर एक गोल खळगा होता, त्यावर मी ते टेकवलं. इतके दिवस मी तो खळगा बघत होते आणि तो कशाचा असेल हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही. पण बोट लावायचं तर उत्तमचं, असंच मी धरून चालले होते.

फोन जरासा थरथरला. ‘पॅटर्न काढा’.

“परत लाव,” आई म्हणाली.

परत लावलं. बोट बदलून लावलं, डाव्या हाताचं लावलं. जोतिबानं फोन आपल्याकडं घेतला, उलटसुलट केला, आणि मग त्याला काहीतरी आठवलं.

“मधी बंद पडलाता का ह्यो? चार्जिंग संपून?”

“पडलाता,” मी म्हणाले.

“मग न्हाई घेणार. एकदा बंद पडून चालू झाला की पयल्यांदा पॅटर्नच मागतोय, मग पुढं बोट घेतोय. बंद पडायच्या आत लावलं असतं तर...” एवढं बोलून त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तो थांबला. जोतिबा बिचारा दवाखान्यात होता. आमच्या घरात ते दिवस कसे गेले ते त्याला माहीत नव्हतं.

“बंद पडायच्या आत म्हंजे कवा?” आईनं विचारलं.

जोतिबानं फोन चटईवर ठेवला. चुलीवरचा चहा उतू गेला, त्याचा वास घरभर पसरला. आई सोप्याच्या त्या जागेकडं बघत होती जिथं दिवा ठेवला होता.

“वाजत हुता,” ती म्हणाली. “हितं माज्या हाताशी वाजत हुता.”

मी तिला धरायला गेले. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं जोतिबाला दुसरा चहा करून दिला, वाटेत खायला भाकरी बांधून दिली, आणि तो निघाला तेव्हा अंगणाच्या कडेपर्यंत त्याच्या कुबडीला हात लावून गेली, चिखलात घसरेल म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी तिनं म्हशीची धार काढली, देवापुढं दिवा लावला आणि फोन ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवून दिला. चार्जरला लावायला मला पुन्हा कधी सांगितलं नाही.

‘रागानं गेला का’ हेही तिनं त्यानंतर कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं, तिला उत्तर मिळालं असेल. झोपलेल्या आईचं बोट हळूच उचलून जो आपल्या फोनला लावतो, तो रागावून किती रागावणार? मी हे एकदा तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “व्हय, ते खरं,” आणि चुलीत लाकूड सारलं. पण त्या उत्तरानं तिचं समाधान झालं नव्हतं. लेक रागावला असता तर ते तिला सोसलं असतं. तो काहीतरी सांगत होता आणि तिनंच ऐकायचं राहून गेलं, हे तिला सोसत नव्हतं. माझ्यासमोर आई तेव्हा म्हातारी झाली.

उत्तम गेला तसा घरात बाहेरून येणारा पैसा थांबला. माझं कॉलेज बंद करायची गोष्ट चुलत्यांनी काढली, तर आईनं त्यांना उभं केलं नाही. ती स्वतः कारखान्यात जायला लागली, उत्तमच्याच. मशीननं चिरलेल्या टरफलातून सुईनं गर उकरून काढायचा, असं ते काम. रोज काढलेला गर वजन करून घेतात आणि त्यावरच मजुरी देतात. बायका सकाळी हाताला एरंडेल चोळून बसतात, तरी आठवड्याभरात बोटं काळी पडतात आणि मग सालं निघायला लागतात.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी तिचा डबा घेऊन कारखान्यात गेले. लांबलचक शेडमध्ये बायका रांगेनं बसल्या होत्या. आई कोपऱ्यात होती. तिच्या पुढ्यातला ढीग सगळ्यांत मोठा आणि काढलेल्या गराचं पातेलं सगळ्यांत रिकामं होतं. मी जवळ गेले तेव्हा कारण दिसलं. उजव्या हाताच्या एका बोटाला तिनं फडकं गुंडाळलं होतं, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून दोऱ्यानं घट्ट बांधलं होतं, आणि ते बोट ताठ बाहेर ठेवून ती अंगठा आणि मधल्या बोटात सुई धरून काम करत होती. सुई सारखी निसटत होती.

“लागलंय का काय?” मी विचारलं.

शेजारची बाई हसून म्हणाली, “लागलंय कुठलं! रोजचं हाय हे. एक बोट जपून ठेवलंय तुज्या आईनं. मालकीण बोलून दमली. आमी म्हणतो, कुणाला दावायचं हाय एवढं?”

आईनं निसटलेली सुई परत उचलली. मी तिच्याशेजारी खाली बसले. शेडमध्ये त्या तेलाचा उग्र वास भरला होता, माझे डोळे चुरचुरत होते.

“आई, सोड ते,” मी हळू आवाजात म्हणाले. “हात चालत नाही तुझा.”

“चालतोय तेवढा चालू दे.”

“पण आता कशाला? तो फोन बोट घेत नाही, बघितलंस की तू. किती जपलंस तरी उघडणार नाही तो.”

“फोन घीत नसंल,” आई म्हणाली. “उत्तमनं घेतलंय न्हवं.”

मी तिच्या हातातली सुई काढून घेतली, आणि डब्याची वेळ होईपर्यंत तिच्या ढिगातल्या टरफलांतून मी गर उकरत बसले.